छप्पर, सिंकिंग फंड आणि ऐंशी लाखांचा मॅनेजर

ब्रुकफील्ड, विस्कॉन्सिन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर दोघांचेही प्रश्न अर्धेच राहिले. बाबा विचारत होते, मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर सरकारने का म्हणून दुरुस्त करायचं, क्लबचा मालक एवढा गडगंज असताना? आणि आईचा प्रश्न, जो माणूस हातात बॅट धरत नाही की बॉल टाकत नाही, त्याला वर्षाला ऐंशी लाख डॉलर कसले द्यायचे? या दोन्ही गोष्टी २०२३ च्या नोव्हेंबरात इथे लागोपाठच्या दोन आठवड्यांत गाजल्या होत्या, म्हणून एकाच पत्रात लिहिते.

आई, तू सोसायटीची खजिनदार, तेव्हा छपराचं तुला चटकन कळेल. स्टेडियम मुख्यतः क्लबचं नाहीच. मोठा मालक आहे एक सरकारी मंडळ, १९९५ च्या कायद्याने खास त्यासाठीच स्थापन केलेलं. मिलवॉकी ब्रुअर्स हा त्यातला भाडेकरू. आणि करार असा, की रोजची देखभाल भाडेकरूने बघायची, पण छप्पर, लिफ्ट, सरकते जिने, आग विझवायची यंत्रणा असल्या मोठ्या भांडवली कामांचा बोजा मुख्यतः घरमालकावर. म्हणजे जनतेवर. पार्किंगचे पैसे आणि नाव लावायचे पैसे मात्र क्लबचे. (आधी ते मिलर पार्क होतं, २०२१ पासून अमेरिकन फॅमिली फील्ड. मिलर ही बीअर, अमेरिकन फॅमिली ही विमा कंपनी.) जागा सरकारी, त्यामुळे मालमत्ता करही नाही. भाडेकरूचा वकील हुशार होता एवढंच म्हणायचं.

इमारतीला साधारण ३९ कोटी २० लाख डॉलर लागले. क्लबनेही काही घातले, पण बहुतेक पैसा आला तो विक्रीकरातून. मिलवॉकी आणि शेजारच्या चार काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १९९६ पासून ०.१ टक्का जादा कर, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर दहा सेंट. आमची वॉकेशा काउंटी त्या पाचांत. दहा सेंट कोणाला जाणवत नाहीत, पण हा कर ३१ मार्च २०२० पर्यंत चालला आणि ६० कोटींच्या वर जमले. ३९ ची इमारत आणि ६० ची वसुली, फरक कुठे गेला? कर्जरोख्यांचं व्याज आणि मधल्या वर्षांची कामं. घराच्या कर्जाचं वेळापत्रक बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं, त्याच जातीचं हे गणित.

या करापायी एका माणसाचं राजकारण संपलं. रासीनचे राज्य सेनेटर जॉर्ज पेटाक आधी विरोधात होते, ऐन मतदानात त्यांनी बाजू बदलली आणि विधेयक तरलं. १९९६ मध्ये त्यांच्या मतदारांनी त्यांना मुदतीआधीच परत बोलावलं आणि त्यापायी सेनेटमधलं बहुमतही फिरलं. म्हणून २०२३ मध्ये पुन्हा पैशांचा विषय निघाला तेव्हा नव्या कराचं नाव कोणीही काढलं नाही.

आता खरी गोम. कर थांबला, कारण कर्ज फिटलं होतं आणि पुढच्या दुरुस्तीसाठी काही गंगाजळी बाजूला काढली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण करारातली जबाबदारी तशीच राहिली आणि मंडळाचं मुख्य उत्पन्न संपलं. आपल्याकडे सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची साठवण) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, बरोबर ना आई? ते प्रमाण इथे लावून पाहा. ३९ कोटी २० लाखांचा एक टक्का म्हणजे वर्षाला ३९ लाख डॉलर. वीस वर्षांत पावणेआठ कोटी, व्याज वेगळं. चार मजली इमारतीला ते पुरेल. हलणाऱ्या छपराला नाही.

बाबा, हे छप्पर तुमच्या खात्यातलं आहे. हातपंख्यासारखं उघडतं, वजन १२,००० टन, आणि उघडायला किंवा मिटायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्याचा भार वाहतात बोगी, हो, त्यांना बोगीच म्हणतात, आणि त्या वक्र रुळावरून धावतात. रूळ वक्र असला की आतल्या-बाहेरच्या चाकांचं काय होतं हे तुम्ही मला सांगाल. पहिल्या बोगींनी काही वर्षांतच त्रास दिला आणि २००६ चा हंगाम संपल्यावर दहाच्या दहा बदलल्या, प्रत्येकी सुमारे ६० टनांच्या. खर्च १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. इमारतीचं वय तेव्हा जेमतेम सहा वर्षं. शिवाय इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-वीस अंश जातो. काँक्रीटच्या फटीत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं. पार्किंगची जमीन आणि प्रेक्षकांचे मार्ग उखडतात ते यामुळे.

तर गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी २०२३ च्या सुरुवातीला राज्याच्या शिलकीतून एकरकमी २९ कोटी द्यायचं सुचवलं. विरोधी पक्षाच्या हातातल्या विधिमंडळाने ते नाकारलं आणि वर्षाअखेर स्वतःची योजना आणली. तिच्यावर ५ डिसेंबरला सही झाली. राज्याचे ३६ कोटी ५८ लाख, हप्त्या-हप्त्याने. मिलवॉकी शहर आणि काउंटी मिळून १३ कोटी ५० लाख, म्हणजे प्रत्येकी दरसाल पंचवीस लाख, सत्तावीस वर्षं. मैदानावर संगीताचे जलसे वगैरे बेसबॉल सोडून जे होईल त्याच्या तिकिटांवर अधिभार, त्यातून २ कोटी ७ लाखांची अपेक्षा. क्लबचे ११ कोटी. बदल्यात ब्रुअर्स २०५० पर्यंत इथून हलणार नाहीत. म्हणजे एकरकमी २९ कोटी जड वाटले आणि हप्त्याने ५० कोटी हलके! अर्थात पुढच्या वीस वर्षांतला डॉलर आजच्यापेक्षा स्वस्त असणार, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवू नयेत, पण सभेत ते तसेच ठेवले गेले.

शहराचे पंचवीस लाख मला जास्त टोचतात. त्याच वर्षी मिलवॉकीने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा खड्डा भरायला स्वतःचा २ टक्के विक्रीकर लावला आणि काउंटीने आपला ०.५ चा ०.९ केला. राज्याचे ५ धरून शहरात एकूण ७.९ टक्के. अशा घरातून स्टेडियमला हप्ता जातो.

यावर उत्तर असं देतात, की क्लब गेला तर खेळाडूंचा प्राप्तिकरही जाईल. हे खोटं नाही. पाहुण्या संघाचे खेळाडूही जितके दिवस विस्कॉन्सिनमध्ये खेळतात तितक्या दिवसांच्या पगारावर इथे कर भरतात, आणि ते पगार कोटींत असतात. राज्यापुरता हा युक्तिवाद टिकतो. स्टेडियममुळे गावात पैसा खेळतो हा मात्र टिकत नाही. सामन्याला साठ डॉलर घालणारं कुटुंब एरवी तेच साठ सिनेमाला नाहीतर हॉटेलात घालतं. घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने, उरलेले २८४ दिवस तिथे मुख्यतः पार्किंगच. सार्वजनिक पैशाने स्टेडियम बांधून गाव श्रीमंत होत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचं जवळजवळ एकमत आहे, आणि एरवी त्यांचं कशावर होतं?

मग देतात कशाला? धाकाने. आयपीएलमध्ये खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा सगळ्या संघांना सारखीच असते. मेजर लीग बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादाच नाही. संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एकत्र टाकून समान वाटून घेतात, तरी लॉस एंजेलिस आणि मिलवॉकी यांच्यातली दरी बुजत नाही. मिलवॉकी ही लीगमधली सगळ्यात लहान बाजारपेठ. आणि एक क्लब निघून जाणं काय असतं हे या गावाने सोसलंय. इथला ब्रेव्हज संघ १९६५ चा हंगाम संपवून अटलांटाला गेला. ब्रुअर्स आले १९७० मध्ये, तेही सिएटलचा दिवाळखोर क्लब उचलून. सगळीकडे लोक वाकतात असंही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीने स्टेडियमसाठीचा विक्रीकर मतदानाने फेटाळला. उलट नेवाडाने कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या क्लबला ३८ कोटींपर्यंत देऊ केले आणि तो क्लब लास व्हेगसच्या वाटेवर सध्या सॅक्रामेंटोत खेळतोय.

माझं मत विचाराल तर २०२३ ची योजना वाईटातली बरी. चूक मूळ कराराची. मोठी दुरुस्ती घरमालकाची आणि मोठं उत्पन्न भाडेकरूचं, असं एकदा लिहून दिल्यावर पुढच्या प्रत्येक सभेत घरमालकालाच खिशात हात घालावा लागतो.

आता आईचा प्रश्न. क्रिकेटमध्ये गोलंदाज कोणाला द्यायचा ते कर्णधार ठरवतो. बेसबॉलमध्ये ते मॅनेजर ठरवतो, मैदानाच्या कडेला डगआउटमध्ये बसून, तोही संघाच्याच गणवेशात. संघात २६ जण, त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे गोलंदाज. सहा महिन्यांत १६२ सामने. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. २०२० पासून असाही नियम आहे, की नव्या पिचरने किमान तीन बॅटरना तोंड द्यायचं किंवा इनिंग संपवायची. म्हणून आज जिंकायला चांगला रिलीव्हर (मध्येच आणायचा राखीव पिचर) सलग तिसऱ्या दिवशी वापरला, तर उद्या आणि परवा तो नाही आणि ऑगस्टमध्ये कदाचित त्याचा खांदाच नाही. मॅनेजरचं निम्मं काम म्हणजे आज कोणाला वापरायचं नाही हे ठरवणं.

क्रेग काउन्सेल यात पटाईत. मिलवॉकीच्या उपनगरात वाढलेला, वडील क्लबच्याच नोकरीत. २०१५ ते २०२३ तो ब्रुअर्सचा मॅनेजर होता. २०१८ च्या उपांत्य मालिकेतला पाचवा सामना बघा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध त्याने डावखुरा पिचर वेड मायली सुरुवातीला पाठवला. समोरच्यांनी अर्थात उजव्या हाताचे बॅटर भरले, डावखुऱ्याला ते सोपं खेळतात. मायलीने पहिल्याच बॅटरला पहिला बेस फुकट दिला आणि काउन्सेलने त्याला लगेच काढून उजव्या हाताचा ब्रँडन वुडरफ आणला. मायलीच दोन दिवसांनी सहाव्या सामन्याला ताजा. पाचवा सामना हरले ते सोडा, पण बाबांना पत्त्यांच्या डावात आवडते ती चाल हीच.

अशा माणसाची किंमत काढायची कशी? बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सचं एक सूत्र आहे. केलेल्या धावांचा वर्ग भागिले, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. आलेल्या उत्तराला १६२ ने गुणा, मग ‘व्हायला हवे होते’ तेवढे विजय मिळतात. २०१९ मध्ये ब्रुअर्सनी ७६९ धावा केल्या, ७६६ दिल्या. ७६९ चा वर्ग ५,९१,३६१, दुसऱ्याचा ५,८६,७५६. उत्तर ०.५०२, म्हणजे ८१ विजय. प्रत्यक्षात ८९. वरचे आठ कोणाचे? लोक म्हणतात काउन्सेलचे. मी म्हणेन त्यातले बरेचसे नशिबाचे, आणि काही जॉश हेडरसारख्या शेवटच्या इनिंगच्या पिचरचे. पण त्याला नेमका केव्हा आणायचा हे ठरवणारा काउन्सेलच. इथेच माप अडतं, मॅनेजर आणि बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा) वेगळे सोडवून दाखवता येत नाहीत.

आता ऐंशी लाखांचं. खुल्या बाजारात खेळाडू घेताना एका जादा विजयाला साधारण ८० ते ९० लाख डॉलर पडतात असं धरतात. म्हणजे मॅनेजरने वर्षाला एक विजय जास्त दिला तरी त्याचे पैसे वसूल. शिकागो कब्ज या क्लबने हाच हिशेब केला असणार. ६ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी काउन्सेलला पाच वर्षांचे ४ कोटींहून जास्त देऊन नेलं. मॅनेजरसाठी तो तेव्हाचा विक्रम. शिकागो इथून दीड तासावर, पण वैर कोल्हापूरच्या पेठांसारखं. आणि बरोबर आठ दिवसांनी राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये, सेनेटने स्टेडियमच्या पैशांना मंजुरी दिली. २०५० पर्यंत क्लब बांधून ठेवला, पण क्लब जिंकवणारा माणूस बांधता येत नव्हता. छपराला करार असतो, मॅनेजरचा करार संपला की तो मोकळा.

गंमत पुढे आहे. ब्रुअर्सनी काउन्सेलचाच सहायक, आणि नोत्र दाम विद्यापीठातला त्याचा जुना प्रशिक्षक, पॅट मर्फी याला बसवलं, कितीतरी कमी पैशांत. वर कॉर्बिन बर्न्स हा पहिल्या नंबरचा पिचर बाल्टिमोरला देऊन टाकला. २०२४ मध्ये मर्फीने ९३ सामने जिंकले, कब्जने काउन्सेलच्या हाताखाली ८३, आदल्या वर्षीइतकेच. वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर मर्फी ठरला. काउन्सेलला तो मान मिलवॉकीत एकदाही मिळाला नव्हता. तेच सूत्र २०२४ ला लावा, ७७७ धावा केल्या, ६४१ दिल्या, तर ९६ विजय हवे होते. म्हणजे सूत्राच्या मते मर्फीने तीन गमावले! २०२५ मध्ये ९७ विजय, लीगमध्ये सगळ्यांत जास्त, आणि प्लेऑफमध्ये कब्जवर ३-२ मात. मग डॉजर्सनी ४-० धुतलं, तो पैशाचा आवाज.

मला वाटतं छोट्या गावाच्या क्लबात मॅनेजरची किंमत त्या एका सामन्यातल्या चालींत कमी आणि वर्षानुवर्षं स्वस्तातली तरुण पोरं लावून त्यांच्याकडून काम करून घेण्यात जास्त असते. ती एकट्याची नसते, मागे पोरं निवडणारं खातं असतं. म्हणूनच माणूस गेला तरी घडी मोडली नाही. कब्जची चूक झाली असं मात्र म्हणवत नाही, २०२५ मध्ये त्यांनीही ९२ जिंकले.

जूनमध्ये याल तेव्हा पाऊस असला तरी सामना होतोच, छप्पर मिटतं. बाबा, मिटताना बोगींचा आवाज ऐका आणि मला सांगा बेअरिंग कसं आहे ते. आई, सहाव्या इनिंगमध्ये सॉसेजचे पोशाख घातलेली माणसं शर्यत लावतात, ती तुला आवडेल, खायचं काही नसलं तरी. त्यानंतर डगआउटकडे लक्ष ठेवा. मॅनेजर पिचरकडे चालत निघाला आणि त्याने डाव्या हाताला बोट लावलं की बुलपेनमधून डावखुरा येणार, उजव्याला लावलं की उजवा.

बाबांची बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही.

तुमची,
धाकटी