पौष्टिक खाणे महागच असते, हा समज तपासून पाहायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्यविषयक लेखांमध्ये पौष्टिक आहार म्हणून ज्या वस्तू सुचवल्या जातात, त्यांत प्रथिनांच्या भुकटीचे डबे, दुर्मीळ बिया, ‘शुगर-फ्री’ बिस्किटे आणि महागडी तेले यांचा इतका भरणा असतो की महिन्याचा खर्च बेताने भागवणाऱ्या वाचकाला तो लेख आपल्यासाठी नाहीच असे वाटू लागते. त्यातूनच ‘चांगले खायचे तर पैसे मोजावे लागतात’ हा समज पक्का होतो आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री भाज्या, फळे आणि कडधान्यांना लागते. ही कात्री चुकीच्या ठिकाणी लागते आहे, असे मला मनापासून वाटते.

मात्र काटकसरीचे सल्ले देताना एक भान सुटता कामा नये. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावर खर्च होणारा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२ साली जगातील २८० कोटींहून अधिक लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. त्यांचा प्रश्न मिळकतीचा आणि सरकारी धोरणांचा आहे. त्यांना ‘नीट नियोजन करा’ असे सांगणे अन्यायाचे ठरेल. माझे म्हणणे आहे ते किराण्यावर बऱ्यापैकी पैसे खर्च करूनही ज्यांच्या ताटात पोषण कमी पडते, त्या घरांविषयी.

अशा घरांनी सर्वांत आधी कडधान्यांकडे पाहावे. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय तंतुमय पदार्थ, लोह आणि फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्वही मिळते. ते फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकते आणि भिजून शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून अधिक होते. ‘वनस्पतिजन्य प्रथिने अपुरी असतात’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पण धान्यांमध्ये जे लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते ते कडधान्ये पुरवतात आणि कडधान्यांत जे मेथिओनिन (असाच दुसरा घटक) कमी असते ते धान्यांतून मिळते. दोन्ही एकाच जेवणात असली पाहिजेत असेही नाही, दिवसभरात पोटात गेली की पुरे. त्यांतले लोह शरीराला नीट मिळावे म्हणून सोबत लिंबू, टोमॅटो किंवा क जीवनसत्त्व असलेले दुसरे काही घ्यावे आणि चहा जेवणाला जोडून पिऊ नये. कडधान्य लवकर शिजावे म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. रात्रभर भिजवले तर वेळही वाचतो आणि इंधनही. ज्यांना चालते त्यांच्यासाठी अंडे हाही असाच साधा पर्याय आहे, एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते. हा आकडा खर्चिक वाटतो, कारण बिनहंगामी माल डोळ्यांसमोर असतो. हंगामातली भाजी स्वस्त असते आणि ताजीही. गोठवलेल्या मटारांकडे कमी प्रतीचा माल म्हणून पाहिले जाते, तेही बरोबर नाही. ते तोडणीनंतर लवकर गोठवले जात असल्याने त्यांतली जीवनसत्त्वे चांगली टिकतात, आणि लागतील तेवढेच काढता येतात.

पाकीटबंद खाद्यपदार्थांबाबत दोनच गोष्टी सांगेन. एक म्हणजे पाकिटाची किंमत न पाहता किलोचा दर पाहावा, कारण किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणे ही विक्रीची जुनी रीत आहे. दुसरे म्हणजे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. फळांच्या पेयावर पाणी आणि साखर फळाच्या आधी आली, तर आपण कशाचे पैसे देत आहोत ते कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस जणांना आळीपाळीने अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात तयार झालेला) आणि साधा असा दोन प्रकारचा आहार हवा तेवढा खाऊ दिला, तेव्हा अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. त्या प्रयोगात साध्या अन्नाचा खर्च अधिक आला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. म्हणूनच कोणते साधे अन्न निवडायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तरीही सर्वांत मोठी गळती दुकानात नसते, ती घरात असते. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. पालेभाजीची जुडी पिशवीतून काढलीच जात नाही, पिशवीच्या आत पाणी सुटते, चौथ्या दिवशी पाने काळी पडून चिकट होतात आणि सगळी जुडी कचऱ्यात जाते. ती आणल्याबरोबर निवडून, कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवली तर असे होत नाही. भाज्या खाण्याचा क्रमही ठरवावा, पालेभाजी आधी आणि कोबी, गाजर मागाहून, कारण ही दोन्ही नीट ठेवल्यास कैक दिवस टिकतात. सफरचंद आणि पिकलेली केळी यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे शेजारची भाजी लवकर खराब होते, तेव्हा ही फळे वेगळी ठेवावीत. शिजवलेला भात मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. तो बाहेर राहिला तर त्यात असे जीवाणू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बचतीसाठी पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आरोग्याच्या पानावर पाककृती छापताना तिचा माणशी खर्च आणि उरलेल्या जिन्नसांचा दुसऱ्या दिवशीचा उपयोग या दोन ओळी सोबत द्याव्यात. हंगामातल्या भाज्यांची दरमहा यादी आणि त्या साठवण्याची पद्धत यांनाही नियमित जागा मिळाली, तर बाजाराला निघण्यापूर्वी वाचक ते पान हमखास उघडतील.

आपला विश्वासू,
एक वाचक