टोयोटाकडून नुसता कारखाना नको, नागोयासारखं कॉलेजही मागा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटाचा गाड्यांचा कारखाना येणार म्हणून जुलै २०२४ मध्ये मुंबईत करार झाला तेव्हापासून आपल्या पेपरात त्याच्या बातम्या येतायत, सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, नोकऱ्या किती, जमिनीचे भाव कुठे गेले, सगळं छापून येतं आणि आम्ही आवडीने वाचतो. पण एका गोष्टीवर कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. टोयोटाने १९८१ साली जपानमधल्या नागोया शहरात, तेनपाकू वॉर्डात, एक प्रायव्हेट इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटी काढली, टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, जपानी लोक तिला तोयोता कोग्यो दाइगाकु म्हणतात. आपल्याकडे तिचं नावही फारसं कोणी ऐकलेलं नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की टोयोटाकडे काही मागायचंच असेल तर हे मागा.

कारण सांगतो. ही युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा तिथे शाळा संपवून आलेल्या पोरांना ॲडमिशनच नव्हती! फक्त नोकरी करणाऱ्यांना, ज्यांनी कंपनीत काम केलंय त्यांनाच घ्यायचे, कंपनीने शिफारस करून पाठवायचं आणि त्या माणसाने चार वर्षं बसून पूर्ण इंजिनिअरिंगची डिग्री घ्यायची. शाळेतून थेट येणाऱ्यांसाठी दार उघडलं ते १९९३ ला, म्हणजे पहिली बारा वर्षं हे कॉलेज नोकरदारांचंच होतं आणि आजही कंपन्यांकडून आलेले विद्यार्थी तिथे बाकीच्या पोरांसोबत एकाच वर्गात बसतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

मी वाळूजला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे डाय-साचे बनवतात तिथे, बरीच वर्षं काढलीत. आमच्याकडे आयटीआय झालेला एक पोरगा होता, प्रेसमधून निघालेला पीस हातात घेऊन नुसतं कडेवरून बोट फिरवायचा आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली खरखरीत धार, बघून सांगायचा की डायचा क्लिअरन्स (दोन भागांतली फट) जास्त झालाय का डायची धार गेलीय, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पण त्याला डिझाइनमध्ये घ्या म्हटलं की एकच उत्तर, डिग्री नाही. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जायचं तर नोकरी सोडायला लागते, घर चालवायचं कोणी, म्हणून तो तिथेच राहिला. असे किती असतील आपल्या चिकलठाण्यात, वाळूजला, शेंद्र्याला! अशाच माणसांना आधी आत घ्यायचं असं त्या नागोयाच्या कॉलेजाने पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

मुलगा नोकरीनिमित्त नागोयाला असतो म्हणून मध्यंतरी तिकडे जाणं झालं. तिथे टोयोटाच्या जुन्या मागांच्या कारखान्याची लाल विटांची बिल्डिंग आहे, तिचं १९९४ मध्ये म्युझियम केलंय आणि त्यात साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला ऑटोमॅटिक माग चालवून दाखवतात. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्र्याची पट्टी लटकवलेली असते, धागा आहे तोवर ती वर राहते, धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो, खराब कापड पुढे विणलंच जात नाही. मी तिथून हलायलाच तयार नव्हतो. बिडकीन पैठण तालुक्यात येतं, पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाला यातली हुशारी एका मिनिटात कळेल. हे साकिची सुताराचा मुलगा, १८६७ चा जन्म, कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेले नाहीत. त्या मागाचे पेटंटचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले, पुढे मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ ला टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. संशोधनात आणि नवं घडवण्यात मन घाला, काळाच्या एक पाऊल पुढे राहा, ही साकिचींची शिकवण, तीच या युनिव्हर्सिटीचं ब्रीद आहे.

बरं, कॉलेज म्हणजे काही अवाढव्य कारभार नाही. एकच फॅकल्टी, इंजिनिअरिंगची, आणि वर्षाला साधारण १०० पोरं, बास. आपल्याकडे एकेका कॉलेजात एका ब्रँचला याच्यापेक्षा जास्त भरतात. पहिल्या वर्षी सगळ्यांनी हॉस्टेलला राहायचं. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी महिनाभर प्रत्यक्ष कंपनीत जाऊन काम करायचं, सर्टिफिकेटपुरतं नाही तर अभ्यासक्रमातच धरलेलं. कॅम्पसमध्ये सेमीकंडक्टरची क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळ नसलेली खोली, आहे. २००३ मध्ये त्यांनी अमेरिकेत शिकागोला कॉम्प्युटर सायन्सच्या पीएचडीसाठी वेगळी संस्था पण काढली.

आणि फी! वर्षाला ६ लाख येन. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीची फी ५,३५,८०० येन आहे आणि बाकीच्या प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजांची साधारण १० लाखांच्या वर जाते. म्हणजे प्रायव्हेट असून फी सरकारीच्या जवळपास, कारण पैसा टोयोटाने घातलाय, तो पोरांच्या खिशातून काढायचा नाही असं धोरण आहे. आपल्याकडे प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेज म्हटलं की बापाला आधी शेत आठवतं, त्यामुळे हे वाचून मी पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली.

काही जण म्हणतील की हे सगळं कंपनी स्वतःसाठी माणसं तयार करायला करते. मला तसं वाटत नाही, शिकून बाहेर पडलेल्याने टोयोटातच लागलं पाहिजे असं बंधन नाही, पोरं वेगवेगळ्या कंपन्यांत जातात. दुसरं असं म्हणतील की कर्नाटकात बिदडीला टोयोटाचं ट्रेनिंग इन्स्टिट्यूट २००७ पासून आहे, तसंच इथे काढतील की. ते चांगलंच आहे, दहावी झालेल्या गरीब घरच्या पोरांना तिथे तीन वर्षं शिकवतात, इथे पण जरूर काढावं. पण ते ट्रेनिंग आहे, त्याने चांगला ऑपरेटर, चांगला टेक्निशियन होतो. मी बोलतोय ते डिग्रीचं, म्हणजे मराठवाड्यातल्या पोराने मशीन चालवायची आणि डिझाइन मात्र दुसरीकडून यायचं, हे किती दिवस चालणार?

माझी मागणी साधी आहे. बिडकीनला जमीन, रस्ते, पाणी, सवलती सरकार देतंय, तर त्याच बोलणीत एक छोटं कॉलेज मागावं, १०० सीटचं चालेल, निम्म्या सीट कारखान्यात किमान तीन-चार वर्षं काम केलेल्यांना, शिकताना पगार चालू, फी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजइतकी. या निम्म्या सीटची ॲडमिशन कंपनीने पाठवलेल्या कामगारांना मिळावी आणि ती फक्त टोयोटाच्या नाही, आजूबाजूच्या छोट्या व्हेंडरकडच्या कामगारांनाही, कारण गाडीचे पार्ट शेवटी तेच बनवणार आहेत. आपले आमदार-खासदार, मसिआ, सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटना यांनी हा विषय प्लांट उभा राहायच्या आधी काढला पाहिजे, एकदा सगळं ठरलं की मग कोण ऐकतंय. आपल्या पेपरनेही त्या नागोयाच्या युनिव्हर्सिटीवर एक नीट, मोठा लेख छापावा ही विनंती, म्हणजे नेमकं काय मागायचं ते लोकांना कळेल.

आपला,
एक वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर