धार काढायच्या आधी शेण बघ

संगमनेर, सोमवार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर म्हणालास, दुधाला फॅट ३.१च लागतंय आणि गाय तर दिसायला चांगली आहे. मी शेण कसं आहे विचारलं, तर तू गप्प झालास. म्हणून हे पत्र.

उद्या पहाटे धार काढायच्या आधी, गोठा झाडायच्याही आधी, बॅटरी घेऊन दावणीच्या मागून एक फेरी मार. शेणाचा चांगला पो आडवी दोन बोटं जाड असतो, त्यावर वळ्या आणि मधे खळगा असतो. पडताना थप्प् आवाज येतो. सगळ्याच गाईंचं शेण बिघडलं असेल तर गव्हाणीत बघ, एकीचंच बिघडलं असेल तर त्या गाईकडे बघ. वाटाण्यासारखी हिरवट रंगाची झाक हिरव्या चाऱ्यामुळे येते, तिला घाबरू नकोस.

पातळ, फेसाळ, पिवळसर शेण मात्र सोडू नकोस. माझी चूक सांगतो. दुसऱ्या वेताची गाय व्यायली आणि दूध वाढावं म्हणून मी दोन दिवसांत तिचा धान्याचा भरडा तीन किलोवरून सहावर नेला. शेण आंबिलीसारखं झालं. मला वाटलं, हिरवा लसूणघास जास्त झाला असेल. तिसऱ्या दिवशी तिनं रवंथ सोडला. डॉक्टर आले, गाय वाचली, पण दोन महिन्यांनी पाय धरले. ते लंगडणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

होतं असं: भरड्यातला स्टार्च पोटात भराभर आंबतो आणि आम्ल वाढतं. कडबा पचवणारे जिवाणू आम्लात तग धरत नाहीत, आणि दुधातलं फॅट बरंचसं त्यांच्याच कामातून येतं. लांब चारा कमी पडला की रवंथ कमी, रवंथ कमी की लाळ कमी; आम्ल मारणारा सोडा तर लाळेतच असतो. म्हणजे तुझं फॅट उतरायच्या आधी शेणानं सांगितलं असणार.

एक काम कर. घरातली जुनी चाळण घे, मूठभर शेण त्यात नळाखाली धू. मक्याचे अख्खे दाणे उरले तर भरडा जाड दळलाय, पैसे उकिरड्यात चाललेत. बोटाच्या पेराएवढे काड्यांचे तुकडे दिसले तर रवंथ नीट होत नाही. आतड्याच्या सालीसारखा चिकट पापुद्रा निघाला तर स्टार्च न पचता मोठ्या आतड्यापर्यंत गेलाय. डांबरासारखं काळं शेण दिसलं तर चाळण बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांना बोलव, आत रक्तस्राव होत असू शकतो. कोरडे गोळे पडत असतील तर आधी पाण्याची टाकी बघ, मग ताप.

तुझ्या गाईला तोवर भरडा थोडा कमी कर, ज्वारीचा कडबा वाढव, आणि दुपारी ती बसली की रवंथ मोज. एका घासाला पन्नास-साठ वेळा चावायला हवं. मी रविवारी येतो. त्या दिवशी सकाळचं शेण ओढू नकोस, आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
बाळू