काका, तुम्ही शिवून दाखवलेलं मृत्युपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

कादंबरीचा खर्डा पूर्ण झाला. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

१९३४ सालची पणजी, खासगी गुप्तहेर म्हणून कामं घेणारी एक बाई आणि तिचं दुसऱ्या बाईवरचं प्रेम, एवढंच घेऊन मी फोंड्याला तुमच्याकडे आले होते. हे ऐकल्यावर लोक विषय तरी बदलतात, नाहीतर उपदेश तरी करतात. तुम्ही चष्मा पुसलात आणि विचारलंत, “दोघी एकत्र राहतात, मग एक गेली की दुसरीला घरात कोण राहू देणार?” नोटरीच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाचा प्रश्न! कादंबरीतला खून त्याच प्रश्नातून निघाला.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, शिवाय मुलांचा वाटा राखीव. त्या काळच्या मानाने बाईला हे पुष्कळच होतं. पण दोन बायकांच्या संसाराला त्यात कुठे जागा नव्हती. उरतं ते मृत्युपत्र, तेही मोकळ्या हिश्श्यापुरतं. साळगावची माझी विधवा भाटकारीण, म्हणजे जमीनदारीण, तेवढ्यासाठीच नोटरीकडे जाते आणि तिच्या मुलाला त्याचा वास लागतो.

बंद मृत्युपत्राची रीत तुम्ही सोप्यावर बसून करूनच दाखवलीत. कागदाची घडी घातलीत, काकींच्या डब्यातली सुई घेऊन कडेने टाके मारलेत, गाठीवर मेणबत्ती ठिबकवलीत. आत काय लिहिलंय ते नोटरीलाही ठाऊक नसायचं. साक्षीदारांसमोर मंजुरी लिहायची, शिवायचं, लाखेनं मोहोर करायची. “उघडून परत शिवलं तर जुनी भोकं दिसतात,” असं म्हणत तुम्ही कागद उजेडात धरलात. माझ्या गुप्तहेर बाईला खुनी सापडतो तो त्या भोकांमुळे. सेन्सॉरच्या त्या दिवसांत तिला वर्तमानपत्रांतून फारसं काही कळणार नव्हतं. तिला असाच पुरावा हवा होता.

मांडवीवर पहिला पूल १९७० साली झाला. त्याआधीची बेती-पणजी गॅसोलीन, म्हणजे प्रवाशांची मोटारबोट, तुम्ही आवाजासकट उभी केलीत, ती पाठलागाच्या प्रकरणात जशीच्या तशी आली आहे.

काका, मीही बाईवरच प्रेम करते. तुम्ही ते ओळखलं होतं, असं मला वाटतं. निघताना “पुढच्या खेपेला दोघी जेवायला या,” म्हणालात. त्याबद्दलचे आभार कादंबरीच्या आभारांहून मोठे आहेत.

चतुर्थीनंतर आम्ही दोघी येतो. मृत्युपत्राचं प्रकरण छापून आणते. छापायला जाण्याआधी कायद्याचा शब्दन् शब्द तुम्ही तपासायचा आहे. काकींना नमस्कार.

तुमची,
पणजीची लेखिका