चौदाव्या वेळचा वाटाणा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी तीन वर्षांची नात वाटाणा दिसला की ताट ढकलायची. मी आधी गोष्टी सांगून, मग मोबाइल दाखवून भरवलं. (मोबाइलची कल्पना माझीच, सुनेला उगाच बोल नको.) घास तोंडात जायचा, पण ती तो गालात साठवून ठेवायची आणि उठल्यावर कोपऱ्यात थुंकून यायची.

बालरोगतज्ज्ञांनी आधी दूध किती पिते ते विचारलं. दिवसाला चार पेले! पोटात जागा उरणार कुठे? शिवाय फार दूध प्यायल्यानं शरीरात लोह कमी पडू शकतं, हे मला या वयात कळलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं. नंतर वाढ मंदावते, भूकही ओसरते. आपण मात्र ‘खातच नाही’ म्हणून जिवाला घोर लावून घेतो.

आता दूध दोन पेले, जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मोबाइल बंद. काय वाढायचं ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते ती. नवा पदार्थ पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो, कधी दहा-पंधरा वेळासुद्धा. अकराव्या वेळी तिनं एक वाटाणा बोटानं चिरडला, हुंगला, जिभेला लावला आणि परत ठेवला. चौदाव्या वेळी गिळला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी ताकीदच होती.

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे मात्र आजोबांच्या तोंडचं अजून सुटत नाही. आपल्या आरोग्य पुरवणीत आजी-आजोबांसाठीही एखादं सदर सुरू करा.

— एक आजी