रडकी पुस्तकं काढून टाका म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचं पत्र होतं, मुलांच्या वाचनालयातून 'रडकी इंग्रजी पुस्तकं' काढून टाका, त्यानं पोरं निराश होतात, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकाचं नाव दिलं नव्हतं पण वर्णनावरून कळलंच, तीन अनाथ भावंडं, त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून मागे लागलेला दूरचा नातेवाईक आणि तेरा भाग झाले तरी धड काही होत नाही, म्हणजे लेमनी स्निकेटची 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेन्ट्स'च. माझी भाची सहावीत आहे, तिच्यावर सध्या हेच भूत बसलंय. ती काय वाचते ते बघूया म्हणून मी पहिला भाग हातात घेतला आणि मग रात्री जेवणं आवरून, लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात, तिच्या मागोमाग वाचतच गेले. तेव्हा मलाही चार ओळी लिहायचा हक्क आहे असं समजते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हे स्निकेट नाव खोटं, खरा लेखक डॅनियल हँडलर म्हणून अमेरिकन माणूस. पहिला भाग 1999 साली आला, शेवटचा 13 ऑक्टोबर 2006 ला, आणि तो दिवस होता शुक्रवार, तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात म्हणून मुद्दाम. भाग तेरा, प्रत्येकात प्रकरणं तेरा, शेवटच्यात तेवढं एक जास्तीचं. आणि लेखक स्वतःच सुरुवातीला बजावतो की बाबांनो, शेवट गोड व्हावा असं वाटत असेल तर हे पुस्तक ठेवून द्या आणि दुसरं घ्या. आता सांगा, दहा-अकरा वर्षांच्या पोराला वाचू नको म्हटल्यावर ते ठेवून देईल का.

पण नुसत्या त्या युक्तीवर कोणी तेरा भाग वाचत नाही. पहिल्या भागातला एक प्रसंग सांगते. आईवडील आगीत गेलेत, बँकेतले मिस्टर पो नावाचे गृहस्थ तिन्ही मुलांना त्या दूरच्या नातेवाइकाच्या, म्हणजे काउंट ओलाफच्या घरी सोडून येतात. तिघांना मिळून एक खोली, एकच पलंग आणि खेळायला दगडांचा छोटा ढीग. एके दिवशी ओलाफ सांगतो, माझी नाटकातली माणसं जेवायला येणार आहेत, स्वयंपाक करा. मुलं शेजारच्या जजबाईंच्या घरी जाऊन पाककृतीचं पुस्तक शोधतात, बाजार करतात, टोमॅटो, ऑलिव्ह घालून पास्ता रांधतात, आणि हा माणूस येऊन म्हणतो काय, रोस्ट बीफ कुठंय? तिघांतला भाऊ क्लाउस उलट बोलतो तर त्याच्या थोबाडीत देतो. मुलं दुसऱ्या दिवशी चालत बँकेत जातात, मिस्टर पोंना सगळं सांगतात. ते खोकतात, फोन घेतात, पुन्हा खोकतात, नवीन घरात रुळायला वेळ लागतो वगैरे चार शब्द सांगून मुलांना परत पाठवतात आणि वर ओलाफलाच कळवतात की तुमच्याबद्दल तक्रार आली होती. इथं माझ्या भाचीनं पुस्तक आपटलं, "मावशे, हो फकत खोंकता, कांयच करिना!"

तर माझ्या मते सगळी मेख इथं आहे. पोरांना यातलं दुःख तेवढं लागत नाही जेवढे यातले मोठे लोक पटतात. शाळेत कोणी त्रास देतंय म्हणून सांगावं तर 'बघूया', घरी सांगावं तर 'तूच काहीतरी केलं असशील', आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला संध्याकाळपर्यंत बातमी पोचलेली, हे कुठल्या पोराला माहीत नाही. या पुस्तकांत वाईट माणसं आहेतच पण चांगली माणसंसुद्धा काही कामाची नाहीत. तिसऱ्या भागातली जोसेफीन आत्या, बिचारी जीव लावते, पण टेलिफोनला घाबरते, दाराच्या मुठीला घाबरते, स्टो पेटवायला घाबरते म्हणून मुलांना काकडीचं थंडगार सूप, आणि घर मात्र बांधलंय कड्याच्या टोकाला, खाली तळं. वाचून हसू येतं. हो, हसू येतं! पत्रलेखकांनी पुस्तक उघडलं असतं तर त्यांनाही आलं असतं.

आणि मुलं रडत बसत नाहीत. व्हायोलेट रिबिनीनं केस बांधते आणि काहीतरी यंत्र जुळवते, क्लाउस वाचून काढतो, सनी एवढीशी आहे ती चावते. नाटकाच्या नावाखाली ओलाफ चौदा वर्षांच्या व्हायोलेटशी खरंखुरं लग्न लावायला निघतो, सनीला पिंजऱ्यात घालून मनोऱ्यावर टांगलेलं असतं म्हणून तिला नाही म्हणता येत नाही, तर ती सही डाव्या हातानं करते. ती उजव्या हाताची, कायद्यात आपल्याच हातानं सही हवी, लग्न रद्द. भाचीनं मग आठवडाभर वह्यांवर डाव्या हातानं नाव लिहिलं, तिच्या आईची बोलणी खाल्ली ती वेगळी.

नावडण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत तेच तेच, नवं घर, ओलाफ नवं सोंग घेऊन हजर, मुलं ओळखतात, मोठी माणसं ओळखत नाहीत, शेवटी तो निसटतो. शेजारच्या मुलानं चौथ्यावर सोडून दिलं, म्हणाला सगळं आधीच कळतं, आणि त्याचं चुकलं नाही. पुढे कथा वळण घेते पण तोपर्यंत धीर पाहिजे. शिवाय एका साखरेच्या भांड्यासाठी सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि त्यात काय आहे ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही! नेटफ्लिक्सच्या मालिकेत सांगून टाकलंय, तर भाचीला तेही आवडलं नाही, म्हणे आता मजाच गेली. या पोरांचं काही कळत नाही.

पण निराशेचं म्हणाल तर आपण काय वेगळं वाढलो? दोन वर्षांच्या बाळाला घास भरवताना आपण काय सांगतो, काऊचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं, चिऊनं त्याला दाराबाहेर भिजत ठेवलं आणि आत घेतलं तर तव्यावर बसून चटका. आमची आजी तिन्हीसांजेला अंगणाबाहेर पाऊल टाकलं तर देवचार नावाचं भूत वाट चुकवतं म्हणायची, आम्ही पांघरुणात घुसून 'आणखी सांग' म्हणायचो. आणि 'श्यामची आई'? साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, कर्ज, जप्ती, आईचं आजारपण, शेवटी आई जाते, घराघरांत पिढ्यानपिढ्या रडलेत लोक. ते पुस्तक आपण बक्षीस म्हणून देतो, आणि द्यावंच, माझं त्यावर प्रेम आहे. पण तिथं प्रत्येक रडण्यातून काहीतरी शिकायला मिळतं, आई समजावते, श्याम सुधारतो. स्निकेटच्या गोष्टीत असलं काही नाही. मुलं चांगलीच आहेत, तरी वाईट होतं, आणि कोणी येऊन तात्पर्य सांगत नाही. मला वाटतं पत्रलेखकांना खुपतंय ते हेच, दुःखाचं नाव उगाच पुढे केलंय.

एक मात्र मान्य. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथं मोठ्यांनी पहिला भाग आधी स्वतः वाचावा, पहिल्याच प्रकरणात मुलं समुद्रावर खेळत असतात आणि मिस्टर पो येऊन आईवडील गेल्याचं सांगतात, तेही कसल्याच तयारीशिवाय. काही मुलांना तेव्हा नको वाटेल, काहींना नेमकं तेच हवं असेल. ते त्या त्या घरानं बघावं, त्यासाठी सगळ्यांच्या कपाटाला कुलूप कशाला.

आता मूळ मुद्दा. आमच्या गावच्या वाचनालयात हे भाग एक ते चार आहेत आणि मग एकदम सहावा. पाचवा, त्या बोर्डिंग शाळेचा, कोणीतरी नेलाय आणि रजिस्टरात नाव वाचता येत नाही इतकं घाण अक्षर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी कृपा करून आणून द्यावा, दंड भरायची लाज वाटत असेल तर मी भरते.

आपली,
एक मावशी, फोंडा