हेलसिंकीतल्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

फिनलंडच्या प्रवासात ज्यांनी आपणहून वेळ काढला, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. तरी आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

जुन्या सामानाच्या दुकानातल्या त्या ताईंनी फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांचं १९३३ सालचं तीन पायांचं स्टूल चक्क उलटं करून दाखवलं. बर्च झाडाच्या भरीव लाकडाला टोकाशी उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत लाकडाचेच पातळ पापुद्रे गोंद लावून बसवायचे आणि मग पाय वाकवायचा. वाकणावरच्या त्या बारीक रेघांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत होते. पाय सरळ बैठकीला जोडलेले, त्यामुळे स्टुलं एकावर एक रचता येतात. किती साधं आणि किती नेमकं!

मुक्कामाच्या घरातल्या आजींचे तर विशेष आभार. सिंकच्या वरचं कपाट उघडून त्यांनी ओल्या ताटल्या तशाच आत उभ्या केल्या. तळाला फळीच नाही, पाणी थेट खाली सिंकमध्ये निथळतं. तिथल्या गृहव्यवस्थापनाच्या तज्ज्ञ माइयू गेब्हार्ड यांनी १९४०च्या दशकात बायकांचे कष्ट वाचावेत म्हणून ही सोय घडवली, हेही त्यांनीच सांगितलं. रोज भांडी पुसणाऱ्या कुणालाही त्याचं मोल लगेच कळेल.

आणि ओदी वाचनालयाचा रस्ता दाखवायला ट्रॅममधून माझ्यासोबत उतरलेल्या दादा, तुमचेही खूप खूप आभार!